घटना क्षणाची, निस्तरणं जन्माचं

22 नोव्हेंबर 1963. न्यूयॉर्कमध्ये दुपारचा दीड वाजून गेलेला. सीबीएस वाहिनीवर ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ या रोजच्या मालिकेचा भाग थेट प्रक्षेपित होतो आहे. नॅन्सी ह्यूज आपल्या वृद्ध सासऱ्यांशी बोलत बसली आहे. विषय घरगुती आहे. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आलाय आणि मुलगा बॉब याने सणाच्या जेवणाला आपल्या घटस्फोटित बायकोला, लिसाला, लहानग्या टॉमसह बोलावलं आहे. त्यावर नॅन्सी आपलं मन मोकळं करते आहे, तोच पडद्यावर पाटी झळकते. वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज सांगतो, की डलासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. स्टुडिओतल्या नटांच्या कानी यातलं काहीच जात नाही. ते आपलं पुढचं वाक्य बोलत राहतात.

क्रॉन्काइट यांच्या त्या बातमीमुळे हा क्षण इतिहासात नोंदला गेला. मला मात्र मध्येच तुटलेलं ते घरातलं बोलणं फार मोलाचं वाटतं. बॉब आणि लिसा यांचा घटस्फोट तर होऊन गेलेला होता. चित्रपटात तो कळसाचा प्रसंग ठरला असता, नाटकात त्यावर अंकाचा पडदा पडला असता. या मालिकेला त्यानंतरचं सणाचं जेवण महत्त्वाचं वाटत होतं. लिसाला बोलवायचं, तर तिच्याशी बोलायचं काय? न बोलवावं, तर नातवाला काय सांगायचं? तिने घराला दिलेला मनस्ताप विसरायचा, की चारचौघांत नुसता गिळायचा? घटना क्षणात घडून जाते, निस्तरत बसावं लागतं जन्मभर. 54 वर्षं चाललेल्या या मालिकेचं सगळं सौंदर्य या निस्तरण्यात आहे. भेसूर रहस्यं, लग्नं, घटस्फोट, खटले या सगळ्या गर्दीतून तिची नजर परत परत तिथेच जाते.

ही नजर तिला दिली इर्ना फिलिप्स यांनी. फिलिप्स शिकागोच्या. आधी शिक्षिकेची नोकरी केली, मग रेडिओकडे वळल्या. 1930 मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रासाठी त्यांनी लिहिलेली ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रेडिओवरच्या अगदी पहिल्या दैनंदिन कौटुंबिक मालिकांमध्ये गणली जाते. टीव्हीवर दुपारच्या मालिका आल्या त्या पंधरा मिनिटांच्या. फिलिप्स अर्ध्या तासासाठी हटून बसल्या. मालिकेचा खर्च उचलणारी साबणवाली कंपनी, प्रॉक्टर अँड गॅम्बल, आधी बिचकली, पण अखेर मानली. 2 एप्रिल 1956 रोजी मालिका सुरू झाली. ‘द एज ऑफ नाइट’ ही अर्ध्या तासाची दुसरी मालिकाही त्याच दिवशी सुरू झाली.

वेळ दुप्पट मिळाल्यावर फिलिप्स यांनी दुप्पट घटना भरल्या नाहीत, उलट चाल मंद केली. एक खोली, दोन माणसं, समोर कॉफीचे कप, मागे ऑर्गनचे सूर आणि चेहऱ्याच्या अगदी जवळ येऊन थांबलेला कॅमेरा. एवढ्या सामग्रीवर त्यांनी इलिनॉय राज्यातलं ओकडेल नावाचं एक काल्पनिक गाव उभं केलं. 1975 पर्यंत मालिका थेट प्रक्षेपित होत असे. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नव्हती. त्यामुळे नट शब्द शोधताना थबकला, तर ते थबकणं पात्राचंच वाटे. प्रत्यक्ष घरातही माणसं अवघड गोष्ट बोलताना अशीच अडखळतात.

या संथपणाला एक व्यावहारिक कारणही होतं. दुपारी घरकाम करता करता मालिका पाहणाऱ्या बाईचा मंगळवारचा भाग हुकला, तर बुधवारी तिला कथा कळायला हवी. म्हणून तीच बातमी एक पात्र दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. टीकाकारांनी याला पाल्हाळ म्हटलं. नीट पाहिलं, तर फिलिप्स यांची खरी कारागिरी तिथेच दिसते. घटना एकदाच घडते आणि पाच वेळा सांगितली जाते. आई ती ऐकते तेव्हा तिच्या मनात अपराधाची बोच उठते, बापाला अब्रू आठवते, मैत्रिणीला आत कुठेतरी थोडं बरंही वाटतं. गुपित काय आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याची उत्सुकता ‘काय झालं’ यावर रेंगाळत नाही. ‘आता हे तिला कळल्यावर तिचा चेहरा कसा होईल’ याची तो वाट पाहतो. प्रेक्षकाचं लक्ष घटनेवरून माणसाकडे वळवण्याचा यापेक्षा साधा मार्ग मला माहीत नाही.

पहिल्या भागातलं पहिलं वाक्य नॅन्सीच्या तोंडी होतं. नवऱ्याला, वकील ख्रिस ह्यूजला, तिने सकाळी उठल्या उठल्या घातलेली साधी साद. नॅन्सीची भूमिका हेलन वॅग्नर यांनी केली आणि मधले काही खंड वगळता 2010 मध्ये मृत्यू येईपर्यंत तीच करत राहिल्या. टीव्हीवर एकच भूमिका सर्वाधिक काळ करण्याचा विक्रम तेव्हा त्यांच्या नावावर लागला. कॉफी ओतण्याची त्यांची तऱ्हा फिलिप्स यांना पसंत पडली नाही म्हणून सुरुवातीलाच त्यांना काढलं गेलं आणि पुढे परत बोलावलं, असा किस्सा प्रसिद्ध आहे. पुढची पाच दशकं त्याच नॅन्सीने ओकडेलच्या दुःखांवर कॉफी ओतली.

नॅन्सीला नुसती मायाळू आई समजणं म्हणजे वॅग्नर यांच्या कामावर अन्याय करणं होय. नॅन्सी कडक आहे. बरं-वाईट ठरवायची तिला घाई असते, सुनेचं चुकलं की तिचे ओठ आधी मिटतात आणि मग हात कामाला लागतात. वॅग्नर राग शब्दांत फारसा आणत नाहीत. त्यांची नॅन्सी टेबल पुसते, बशी सरळ करते, आणि समोरच्याला कळून चुकतं की आपल्याला अजून माफ केलेलं नाही. ख्रिसचं काम करणारे डॉन मॅक्लॉफ्लिन 1986 मध्ये वारले, तेव्हा कथेतल्या ख्रिसलाही मरण आलं. तीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो सोबती गेल्यावरचा नॅन्सीचा शोक आणि तीस वर्षांचा सहकारी गेल्यावरचा वॅग्नर यांचा शोक यांत सीमा आखणं अवघड होतं. पुढे नॅन्सीने दुसरं लग्न केलं आणि नव्या नवऱ्याला, डॅन मॅक्लॉस्कीला, स्मृतिभ्रंशाने गाठलं. चाळिशीत जगाला नियम शिकवणारी बाई उतारवयात नियम लागू न पडणाऱ्या दुःखाशी झुंजताना दिसते. हा प्रवास दोन तासांत दाखवायचा, तर रंगभूषा करावी लागते. इथे तो चेहऱ्याने खरोखर केला होता.

लिसाची कथा याच घरात, पण उलट दिशेने चालते. आयलीन फुल्टन मे 1960 मध्ये या भूमिकेत आल्या तेव्हा भूमिका लहानशी होती. कॉलेजात शिकणाऱ्या बॉबने लिसा मिलरशी पळून जाऊन लग्न केलं आणि दोघं नॅन्सीच्या घरी राहायला आली. कागदावर लिसा म्हणजे साधी, गोड मुलगी. फुल्टन यांनी त्या गोडव्याखाली एक हिशेब लपवला. सासू स्वयंपाक करते आहे, बाळाला सांभाळते आहे, आणि लिसा आरशासमोर बसून बाहेर जायची तयारी करते आहे. तिचा अपराध कुठल्या गुन्ह्यात मोडणारा नव्हता, तो रोजच्या घरकामातल्या कुचराईचा होता. म्हणूनच स्वतः दिवसभर राबणाऱ्या प्रेक्षक बायकांना तो सहन होईना. भर रस्त्यात एका अनोळखी बाईने फुल्टन यांच्यावर हात उगारला, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. लिसा इतकी गाजली, की 1965 मध्ये तिला घेऊन ‘अवर प्रायव्हेट वर्ल्ड’ ही संध्याकाळची वेगळी मालिका काढली गेली. ती काही महिन्यांतच बंद पडली आणि लिसा ओकडेलला परतली.

लिसाच्या पात्राचं खरं सौंदर्य या परतण्यात आहे. आठ लग्नं करणारी, गावाला बोलायला विषय पुरवणारी ही बाई गाव सोडून जात नाही. ज्यांचं वाईट केलं त्यांच्याच शेजारी ती म्हातारी होते. बॉबची नंतरची बायको तिची जवळची मैत्रीण होते. नॅन्सी आणि लिसा यांचं वैर कुठल्याही एका प्रसंगात मिटत नाही. समेटाचा मोठा प्रवेश नाही, अश्रूंची मिठी नाही. टॉम मोठा होतो, वकील होतो, त्याला मुलं होतात, आणि त्या मुलांच्या निमित्ताने दोघी एका खोलीत इतक्यांदा बसतात की रागाला जागा उरत नाही. घराघरांतली भांडणं अशीच संपतात, हे ज्यांनी एकत्र कुटुंब जवळून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

या सगळ्याहून गहन आहे किमची कथा. 1972 मध्ये फिलिप्स यांनी कॅथरिन हेज यांना घेऊन किम रेनॉल्ड्स ही गायिका आणली. तेव्हा बॉबचं लग्न किमच्या सख्ख्या बहिणीशी, जेनिफरशी, झालेलं होतं. एका रात्री बॉब आणि किम जवळ येतात. किमला दिवस जातात. जॉन डिक्सन या डॉक्टरला सत्य माहीत असतं आणि किम त्याच्याशी लग्न करते. मूल मृत जन्मल्याचं तिला सांगितलं जातं. फिलिप्स यांच्या स्वतःच्या तरुणपणी एका डॉक्टरच्या प्रेमातून त्यांना दिवस गेले होते, त्याने पाठ फिरवली आणि मूल मृत जन्मलं. किममध्ये त्या स्वतःला पाहत होत्या. किमला पश्चात्तापाने कोलमडून टाकायला त्या तयार नव्हत्या. बहिणीच्या संसारात ही फट पडलेली प्रेक्षकांना रुचली नाही, ते फार संतापले आणि 1973 मध्ये फिलिप्स यांना त्यांनीच उभारलेल्या मालिकेतून काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्या वारल्या.

इथे कथा विसरली जाऊ शकत होती. लेखिका गेली, जेनिफरही पुढे कथेत वारली, किमची दुसरी लग्नं झाली. पण गाव विसरलं नाही. 1985 मध्ये, तेरा वर्षांनी, बॉब आणि किम यांचं लग्न झालं. त्याच वर्षी बॉब आणि जेनिफर यांची मुलगी फ्रॅनी म्हणून ज्युलियन मूर ही तरुण नटी मालिकेत आली. मग 1986 मध्ये कळलं, की किमचं मूल मेलं नव्हतं. जन्मवेळी त्याची अदलाबदल झाली होती. ती मुलगी, सॅब्रिना, हुबेहूब फ्रॅनीसारखी दिसते, कारण दोघींचा बाप एक आणि आया सख्ख्या बहिणी. दोन्ही भूमिका मूर यांनीच केल्या आणि 1988 मध्ये त्यासाठी डेटाइम एमी पुरस्कार मिळवला.

मुलांची अदलाबदल ही सांगून सांगून झिजलेली युक्ती आहे, हे मान्य. इथे तिला अर्थ आला तो मागच्या चौदा वर्षांमुळे. बॉबसमोर एक चेहरा उभा राहतो आणि त्याच्या लग्नाच्या मुलीचा आणि त्याच्या अपराधाच्या मुलीचा तो एकच असतो. ज्या प्रेक्षकांनी 1972 मध्ये किमला दूषणं दिली होती, त्यांच्यापैकी कित्येक आता तिच्यासाठी रडत होते. कॅथरिन हेज यांनी या प्रवेशांत आनंद उधळला नाही. मुलगी सापडल्याच्या सुखात बहिणीला दुखावल्याची जुनी लाज त्यांनी मिसळू दिली. पुढे 1990 च्या सुमारास बॉब पुन्हा घसरला, सुझन स्टुअर्टकडे ओढला गेला. आता किम तिथे उभी होती जिथे एकदा जेनिफर उभी होती. तिला बॉबवर रागावण्याचा पूर्ण अधिकार होता आणि तरी तो अधिकार तिला निर्मळपणे वापरता येत नव्हता. इतक्या वर्षांचा भूतकाळ नसता, तर हा प्रवेश विवाहबाह्य संबंधाचा आणखी एक प्रवेश ठरला असता.

किमला तिच्या मुलीपर्यंत नेलं ते डग्लस मार्लंड यांच्या लेखणीने. 1985 पासून 1993 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मुख्य लेखक होते. मालिका कशी बिघडवू नये यावर त्यांनी नियमच लिहून ठेवले: मालिकेचा इतिहास शिका, मूळ पात्रांचा स्वभाव ओढूनताणून बदलू नका, नवी पात्रं सावकाश आणा. स्वतः त्यांनी शेतावर राहणारं स्नायडर कुटुंब असंच सावकाश आणलं. लिली ही श्रीमंत आणि उद्दाम उद्योजिका ल्युसिंडा वॉल्शची मुलगी. ती दत्तक आहे आणि तिची खरी आई स्नायडरांच्या घरातली आयव्हा आहे, हे उलगडत जातं तसं दोन घरं आणि दोन वर्ग एकमेकांत गुंतत जातात. ल्युसिंडा साकारणाऱ्या एलिझाबेथ हबर्ड वाक्य अशा तोडत, की हुकूम देता देता बाई घाबरली आहे हे कळावं. मार्लंड यांनीच 1988 मध्ये हँक एलियट हे समलिंगी पुरुषाचं पात्र दुपारच्या टीव्हीवर आणलं. त्याला त्यांनी आधी गावात मित्र मिळवून दिले, त्याचं कामातलं कौशल्य दाखवलं, मग त्याच्याबद्दलचं सत्य बाहेर आलं. त्यामुळे प्रश्न गावापुढे पडला: ज्याला आपण आपलं म्हटलं त्याचं आता काय करायचं? पुढे ऑगस्ट 2007 मध्ये लिलीचा मुलगा ल्यूक आणि नोआ या दोन तरुणांचं चुंबन दाखवलं गेलं. स्नायडरांच्या स्वयंपाकघरात लहानाचा मोठा झालेला मुलगा म्हणून प्रेक्षक ल्यूकला ओळखत होते, आणि त्या ओळखीने अर्धं काम केलं.

या मालिकेत दोष नाहीत असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जेम्स स्टेनबेक हा खलनायक मेल्यावर किती वेळा परतला याचा हिशेब प्रेक्षकांनीच ठेवावा. अँथनी हेरेरा यांनी तो झोकात केला, पण मेलेला माणूस हवा तेव्हा उठू लागला की मरणाचा परिणामच पुसला जातो. मग ख्रिसच्या मृत्यूवर नॅन्सी रडली त्या रडण्यालाही धक्का लागतो. शेवटच्या दशकात अशा झटपट धक्क्यांचं प्रमाण वाढलं. प्रेक्षकही आटत चालले होते. दुपारी घरी असणाऱ्या बायका नोकरीवर जाऊ लागल्या होत्या आणि वाहिन्यांना सुमार राहिला नव्हता. 1958 पासून जवळपास वीस वर्षं दुपारच्या मालिकांत पहिल्या क्रमांकावर असलेली ही मालिका बंद होणार, हे डिसेंबर 2009 मध्ये जाहीर झालं.

शेवटच्या महिन्यांत मालिकेने आपली मूळ चाल पुन्हा धरली. बॉब आणि किम यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ज्युलियन मूर फ्रॅनी होऊन परत आल्या. चित्रपटसृष्टीत नाव झालेल्या नटीने जुन्या आईबापांना शुभेच्छा द्यायला यावं, यातली कृतज्ञता पात्राची किती आणि मूर यांची किती, हे वेगळं काढता येत नाही. 1 मे 2010 रोजी हेलन वॅग्नर गेल्या आणि ऑगस्टअखेर ओकडेलने नॅन्सीला निरोप दिला. 17 सप्टेंबर 2010 च्या अखेरच्या भागात, एकूण 13,858 भागांनंतर, शेवटचा शब्द डॉक्टर झालेल्या बॉबच्या वाट्याला आला. 1960 पासून ही भूमिका करणारे डॉन हेस्टिंग्ज रुग्णालयातलं आपलं टेबल आवरतात आणि रात्रीचा निरोप घेऊन निघतात. आईच्या सकाळच्या सादेने सुरू झालेली मालिका मुलाच्या शब्दांनी संपते. लेखकांनी शेवटाला नवं रहस्य उकललं नाही. एका डॉक्टरचं निवृत्त होणं त्यांना पुरेसं वाटलं, आणि ते पुरेसं होतंच.

मराठी प्रेक्षकांना हे जग अगदी परकं नाही. नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर आपण ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ पाहिली. तिचे निर्माते विल्यम बेल हे फिलिप्स यांच्याच हाताखाली घडलेले. आपल्याकडे रोहिणी हट्टंगडी यांच्या ‘चार दिवस सासूचे’ने 2001 ते 2013 या काळात तीन हजारांहून अधिक भाग केले. रोजच्या मालिकांबद्दल आपण सहसा दोनच गोष्टी बोलतो: किती ताणली आणि किती पाहिली गेली. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ तिसरी कसोटी हाती देते. मालिकेला स्वतःचं किती आठवतं? आजच्या भागातल्या सुनेच्या डोळ्यांत दहा वर्षांपूर्वीचा अपमान दिसतो का? खलनायकाला त्याच गल्लीत, त्याच माणसांसमोर म्हातारं व्हावं लागतं का? माफी मिळाली असेल, तर ती मिळायला पुरेसे दिवस गेले आहेत का?

कादंबरी हजार पानांत एक आयुष्य दाखवू शकते, पण वाचणारा ते आठवड्याभरात वाचून संपवतो. रोजची मालिका हा एकच कथाप्रकार असा आहे, ज्यात पात्र, नट आणि प्रेक्षक एकाच वेगाने वय वाढवतात. नॅन्सी चाळिशीत असताना जी मुलगी आईच्या शेजारी बसून मालिका पाहत होती, ती शेवटच्या भागापर्यंत स्वतः आजी झालेली होती. या लांबीला दोष मानून आपण फार वर्षं या प्रकाराला साहित्याच्या दाराबाहेर उभं केलं. पण माणसाचं चुकणं आणि ते निस्तरणं ज्या कलेला खरोखर सांगायचं आहे, तिला वर्षं लागतातच. फिलिप्स यांनी ती वर्षं मागून घेतली आणि त्यांच्यामागून आलेल्या उत्तम लेखकांनी आणि नटांनी ती वाया जाऊ दिली नाहीत. चांगल्या कादंबरीकाराला देतो तो मान त्यांना देण्यात आपण उशीर केला आहे.